कोजागिरीच्या आधीच्या कडक भाकऱ्या: चूल नाही, तर करायच्या कशा?

तुळजापूरवेस:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी दसरा झाला की कोजागिरीच्या आत कडक भाकऱ्या (ज्वारीच्या पातळ, वाळवून टिकवायच्या) करायची रीत आहे. एरवीही होतात, पण त्या चार-दोन, दह्यात कुस्करायला. आश्विनातल्या मात्र दुरड्या भरून. घरातली दोघं-तिघं तरी कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जातात, त्यांची ही शिदोरी. उरलेल्या पुण्यात शिकणाऱ्या पोरांना, लेकीच्या सासरी, आणि गल्लीत त्या वर्षी ज्यांच्याकडे कुणी वारलं असेल त्यांच्या घरी. दसऱ्याला सीमोल्लंघन करून आई भवानी पलंगावर श्रमनिद्रेला जाते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. ती उठायच्या आत भाकऱ्या बांधून तयार पाहिजेत, असा आमच्या अव्वाचा दंडक होता.

यंदा अडचण अशी की शुक्रवार पेठेतलं जुनं घर पाडून बांधायला काढलंय. परसातली चूल गेली. आम्ही सध्या जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. धाकटी जाऊ म्हणते, "अक्का, यंदा बचत गटाच्या आणू विकत, त्यापण चांगल्याच असतात." दिरांचंही तेच. मला ते पटत नाही. चार घरच्या बायका एका चुलीपाशी बसतात, तेव्हा वर्षभराचं सगळं बोलून होतं: कुणाचं लग्न ठरतंय, कुणाचा माग बंद पडला, कुणी कुणाशी अबोला धरलाय आणि तो मोडायला कुणी पुढं व्हायचं. विकतच्या पाकिटात हे कुठून येणार?

तर विचारायचं असं: गॅसवर दुरडीभर कडक भाकऱ्या खरंच होतात का? आणि तुमच्याकडेही आश्विनातच करतात का? का, हे कुणाला ठाऊक आहे का?

अक्कलकोट_नाका:
होतात. लोखंडी तवा घ्या, नॉनस्टिक नको. आच बारीक. घाई केली की कडा करपतात आणि मध्ये मऊ राहते.

माळढोक:
भाकरीचं नंतर बघू. सोबत शेंगाचटणी कुणाची, ते आधी सांगा. उखळात कुटलेली असेल तर मी शिदोरी उचलायला येतो, तामलवाडीपर्यंत फुकट.

तुळजापूरवेस:
@माळढोक, या की. उखळातलीच आहे. दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. तेल सुटेपर्यंत कुटायची.

काळीमाती:
ताई, आश्विनात का, याचं आमच्या वडिलांनी सांगितलेलं कारण लिहितो. आम्ही उत्तर सोलापूर तालुक्यातले, जिराईत वाले.

आपल्याकडची ज्वारी रब्बीची. पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, काढणी फेब्रुवारी-मार्चात. सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो. ती ओल काळ्या रानात मुरते, तिच्यावर आणि पुढं थंडीतल्या दवावर पीक निघतं. म्हणजे आश्विनात घरात जी ज्वारी असते ती सहा-सात महिने कणगीत राहिलेली. पावसाळ्याची दमट हवा खाल्लेली, त्यामुळं सोंडे लागायला सुरुवात झालेली असते. मग पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, की कणगी रिकामी करून सगळं धान्य अंगणात ऊन दाखवायला टाकायचे. बियाणं निवडून बाजूला. उरलेलं साफ करून दळायला. एकदम एवढं दळण घरात आलं की ते पडून ठेवून चालत नाही, पिठाची विरी जाते, म्हणजे थापताना ते धरत नाही. मग उपाय एकच, भाकऱ्या करून वाळवून ठेवायच्या.

दुसरं, त्याच दिवसांत पेरणी. तिफणीमागं माणसं दिवसभर रानात. घरी येऊन जेवायला कुणाला वेळ? कडक भाकरी, कांदा, चटणी बांधाला बसून खाल्ली की झालं.

आणि तिसरं म्हणजे हवा. श्रावणात केलेली कडक भाकरी चार दिवसांत वातड होते, बुरशीही धरते. आश्विनात हवा कोरडी व्हायला लागते, भाकरी महिनाभर सहज टिकते. देवीची वारी त्याच सुमारास येते म्हणून शिदोरीचं निमित्त झालं. पण मूळ गणित रानाचं आणि कणगीचं.

तुळजापूरवेस:
@काळीमाती, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे वडिलांच्या पिढीपासून शेती नाही, गिरणीत नोकरी. पण धान्याला ऊन दाखवायचं गच्चीवर चालायचं, ते आठवतंय.

चिमणी_दिवा:
इथं सगळे छान छान लिहायलेत, मी जरा वेगळं बोलते.

चुलीपाशी बसून बायका मन मोकळं करतात हे खरं. पण त्या बसतात किती वेळ, ते लिहा की. माझ्या आईच्या दोन्ही मनगटांवर चटक्यांचे डाग आहेत. ओल्या पळकाट्या पेटत नाहीत, फुंकणी फुंकून डोळ्यातून पाणी. थापायला एक, भाजायला एक, वाळवायला एक, तिघी सकाळपासून दुपारपर्यंत उठत नाहीत. आणि चालत कोण जातं? घरातले पुरुष. भाकरी त्यांच्या झोळीत, देवीचं दर्शन त्यांना. आईला तुळजापूर पायी करायची फार इच्छा होती. कोजागिरीच्या आदल्या दिवसापर्यंत ती तव्यापुढं असायची, मग चालणार कधी?

धाकट्या जावेला विकत आणायच्या वाटत असतील तर तिला आळशी समजू नका. तिला काय नको आहे ते तरी एकदा विचारा.

मागवाला:
+१. आमच्या घरात पण हाच विषय निघतो.

आमचं घर तेलुगू, सोलापूरच्या पूर्वभागातलं. आमच्याकडे बतुकम्मा असते, भाद्रपदाच्या अमावस्येपासून दसऱ्याच्या आधीपर्यंत. शेवटच्या दिवशी नैवेद्याला मलिदा लागतो: भाकरी भाजून, कुस्करून, गूळ आणि तूप घालून मळायची. आमची अम्मा ज्वारीचीच करते. त्यासाठी भाकरी चांगली खरपूस भाजावी लागते, मऊ असली तर मलिद्याचा लगदा होतो. म्हणजे आश्विनात तवा तापतो तो आमच्याकडेही, फक्त आमचा दसऱ्याच्या आधी आणि तुमचा नंतर.

यंदा भावानं आणि मी मिळून भाकऱ्या केल्या. अम्मा खुर्चीत बसून सांगत होती. आकार काही जमला नाही, पण मलिद्यात गेल्यावर सगळ्या सारख्याच.

पायी_वारकरी:
मी गेली बरीच वर्षं कोजागिरीला चालत जातोय. सोलापुरातच रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघायचं, उळे, कासेगाव, तामलवाडी करत. ४५ किलोमीटरच्या आसपास भरतं. स्पष्ट सांगतो, आता शिदोरी लागत नाही. रस्ताभर मंडळांचं अन्नदान असतं, चहा, केळी, खिचडी, भात, सगळं. कर्नाटकातून तर लाखांनी लोक येतात, कलबुर्गी, विजयपूरकडून कितीतरी दिवस चालत. शिदोरी खरी लागते त्यांना. आपण एका रात्रीत पोचतो.

तरी मी दोन भाकऱ्या नेतोच. पहाटे तीनच्या सुमारास, पाय बोलायला लागतात तेव्हा, रस्त्याकडेला बसून चटणी लावून एक खाल्ली की पोट जड होत नाही आणि पुढचं चालणं होतं. खिचडी खाल्ली की झोप येते.

कासेगावकर:
आमच्या गावावरून तुम्ही जाता. आमच्याकडून पाणी घेता, चहा घेता. एखादी भाकरी द्यायला काय झालं बे?

पायी_वारकरी:
@कासेगावकर, या वर्षी हाक मारा, देतो की ओ.

विजापूरवेशीतला:
भाजण्यावरून आठवलं. दिवाळीच्या आधी आमच्या भागातल्या बेकऱ्यांत काय गर्दी असायची! घरोघरून मैदा, साखर, तूप यायचं. बेकरीवाला पत्रे द्यायचा, बायका तिथंच बसून पिठाचे गोळे करून त्यावर लावायच्या, आणि भट्टीतून नानकटाई भाजून निघायची. पत्रा ओळखू यावा म्हणून कुणी गोळ्यावर चारोळी लावायचं, कुणी बोटाचा ठसा. आमच्या घरी दिवाळी नाही, पण नानकटाई शेजारच्या काकूंच्या पत्र्यासोबतच भाजली जायची. आमची अम्मी मैदा द्यायची, काकू तूप.

लष्करची_पोर:
अगदी! आणि भावंडांपैकी एकाला पहारा करायला बसवायचे. पत्र्यांची अदलाबदल झाली की दोन घरांत वर्षभर बोलणं बंद.

माळढोक:
भाकरीवरून बेकरीत कुठं निघालाव? चटणीचं बोला.

विजापूरवेशीतला:
@माळढोक, निघालाव ते मुद्द्याचंच आहे, ऐका. बेकरीची लाकडावरची भट्टी रात्रीचा माल निघाला की विझवत नाहीत, तशीच सोडतात. दुपारपर्यंत आत मंद ऊब राहते. आमच्या वडिलांच्या ओळखीच्या भट्टीत लोक पापड, सांडगे, पावाचे तुकडे टोस्टसाठी असं वाळवायला ठेवायचे. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेली भाकरी त्या उबेत ठेवली तर कडक व्हायलाच पाहिजे. तुळजापूरवेस ताई, तुम्हाला चूलच पाहिजे असं नाही, मंद ऊब पाहिजे. तेवढी मिळेल अशी जागा शोधा.

मोहोळची_लेक:
मी बचत गटात आहे. धागा सकाळपासून वाचतेय. आधी वाटलं काही लिहू नये, पण लिहिते.

"विकतच्या पाकिटात हे कुठून येणार" असं ताईंनी लिहिलं. ताई, राग नाही. पण आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही नऊ जणी बसतो. त्यात दोघींचे नवरे वारलेत, एकीला सासरच्यांनी हाकलून दिलंय. तुमच्या चुलीपाशी जे बोलणं होतं तेच आमच्याकडं होतं, आणि रोज होतं. तुमच्या घरी आश्विनात पाच दिवस, आमच्याकडं बारा महिने. पाकिटात फक्त भाकरी दिसते म्हणून तिच्यामागं माणूस नाही असं नसतं.

आता करायची पद्धत सांगते, म्हणजे गॅसवर बिघडणार नाही.

पीठ ताजं आणि बारीक दळलेलं. गिरणीवाल्याला सांगायचं, आमच्या आधी गहू घालू नको. परातीत पीठ चाळून मधे आळं करायचं, कडकडीत उकळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं हलवून झाकून ठेवायचं. हाताला सोसवेल एवढं झालं की मळायचं, पण सगळं एकदम नाही. एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा आणि तळव्यानं रगडून रगडून मळायचा. इथं आळस केला की थापताना कड चिरते.

थापायची ती नेहमीच्या भाकरीच्या निम्म्या जाडीची. खाली पीठ सढळ टाका. मधे दाबू नका, बोटं कडेकडेनं फिरवत न्या, भाकरी आपोआप फिरते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. वरून पाण्याचा हात फिरवायचा, कुठं कोरडं पीठ राहू द्यायचं नाही. पाणी टिपलं गेलं की उलटायची.

आता खरी गोष्ट. नेहमीची भाकरी आपण फुगवतो. कडक भाकरी फुगू द्यायची नाही. सुती फडक्याची घट्ट घडी घ्यायची आणि दुसरी बाजू भाजत असताना कडेपासून मधे, मधून कडेला असं सगळीकडं दाबत राहायचं. भाकरी तव्याला सगळीकडं चिकटून बसली पाहिजे. फुगली की दोन पापुद्रे वेगळे होतात, मधे वाफ कोंडते, आणि प्रवासात वरचा पापुद्रा तुटून पिशवीत नुसता चुरा.

दोन्ही बाजूंना बारीक तांबूस ठिपके आले की तव्यावरून काढायची. ती अजून कडक नसते. मग चुलीच्या भोवती आराच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या, उबेला उभ्या टेकवून ठेवायच्या, एकीला एक चिकटणार नाहीत अशा. आमच्याकडं त्यासाठी तारेची जाळी आहे. मधे मधे फिरवायच्या. झाली की नाही हे बघायला बोटाच्या नखानं टिचकी मारायची. खण्ण आवाज आला की झाली, बद्द आला की आत ओल आहे, परत ठेवा.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. प्लास्टिकमध्ये तर अजिबात नको, घाम धरतात. सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात.

पिठातलं_गणित:
मोहोळची_लेक यांनी दोन वाक्यांत जे सांगितलं त्यामागचं कारण लिहितो, कारण लोक उकळत्या पाण्याचा कंटाळा करतात.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. त्यामुळं नुसत्या गार पाण्यात पीठ एकमेकाला धरत नाही. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच सगळं बांधून ठेवतो. रगडून मळल्यावर तो सगळीकडं सारखा पसरतो. शिळ्या पिठात ही पकड कमी होते आणि ज्वारीच्या अंकुरातलं तेलही खवट व्हायला लागतं.

वाळवणं म्हणजे ओल हळूहळू बाहेर काढणं. आच मोठी ठेवली की वरचा थर आधी कडक होतो आणि आतली ओल आतच अडकते. म्हणून चुलीचं काम गॅसवर करायचं तर बर्नरवर जाड तवा पालथा ठेवा, त्यावर जाळी, त्यावर भाकऱ्या. थेट ज्योत नको.

फ्रँकफुर्टकर:
मूळचा सोलापूरचा, साखर पेठ. इथं ऑक्टोबरात थंडी सुरू होते आणि बेकऱ्यांतून राईच्या पावाचा वास येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथं एर्न्टेडांक असतं, सुगीचे आभार मानायचा सण. चर्चमध्ये वेदीपुढं भोपळे, द्राक्षं, धान्याच्या पेंढ्या आणि मोठमोठे पाव मांडून ठेवतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घटापुढची परडी आठवली.

भाकरीचं: मी ओव्हनमध्ये करतो. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्यायची, मग ओव्हन १०० अंशांवर, जाळीवर भाकऱ्या सुट्या, दार चमचा अडकवून किंचित उघडं. वाफ बाहेर गेली पाहिजे. अर्धा-पाऊण तास. पीठ भारतीय दुकानातलं मिळतं, ते कधीच ताजं नसतं, म्हणून मी अख्खी ज्वारी आणून छोट्या घरगुती चक्कीवर दळतो.

चिमणी_दिवा:
@मोहोळची_लेक, तुमचं वाचून बरं वाटलं. तुमच्या गटात कामाचे पैसे मिळतात, हा फरक मोठा आहे. माझ्या आईला कुणी दिले नाहीत.

मोहोळची_लेक:
@चिमणी_दिवा, मिळतात. फार नाहीत, पण स्वतःच्या हातात येतात. धाकट्या मुलीची फी मी त्यातूनच भरते.

काळीमाती:
ज्वारीबद्दल अजून थोडं लिहितो, इथं मोहोळचं नाव निघालंच आहे.

मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच केंद्रावर निवडलेलं, १९३० च्या दशकात. इतकी वर्षं झाली, फुले वसुधा, फुले सुचित्रा, परभणी मोती अशी नवी वाणं आली, उताराही बरा देतात, तरी खायला मालदांडीच मागतात लोक. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात लोकांना उघडून दिलं ते कोठार त्याच मंगळवेढ्याचं.

पण रानात काय चाललंय तेही ऐका. उजनीचं पाणी जिथं जिथं पोचलं तिथं ऊस गेला. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. हातानं उपटून काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, हे काम कुणाला नको. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, कार्यक्रम झाले, काढणीचा प्रश्न तसाच राहिला. मी अजून पेरतो ते अर्धं घरच्या भाकरीसाठी आणि अर्धं कडब्यासाठी. जनावरं नसती तर कदाचित मीही सोडली असती. तुमच्यासारखे लोक आश्विनात दुरडीभर भाकऱ्या करायचं म्हणतात तेव्हा मला त्यात माझी गिऱ्हाइकं दिसतात, म्हणून एवढं लिहिलं. करा. घरी करा नाहीतर मोहोळच्या ताईंकडून घ्या, पण ज्वारी खा.

हत्तरसंग_कुडल:
वा, मनापासून लिहिलंत. आमच्या सीना-भीमेच्या काठाला पण हेच.

लष्करची_पोर:
एक विचारू? कडक भाकरी खायची कशी, यावरून आमच्या घरी भांडणं आहेत. नवरा साताऱ्याचा, त्याच्या दाताला सोसत नाही म्हणे.

अक्कलकोट_नाका:
आमटीत मोडून टाकायची, पाच मिनिटं झाकायची. किंवा पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, नरम होते, मग घडी घालून पण खाता येते.

मागवाला:
दही, शेंगाचटणी, वरून घाण्याचं करडईचं तेल. साताऱ्याच्या पाहुण्याला हे द्या, दाताचं नाव काढणार नाही.

माळढोक:
शेवटी चटणीवर आले एकदाचे सगळे.

तुळजापूरवेस:
मंडळी, दोन दिवस सगळं वाचून घरी बोलले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी जावेशी बोलले, चिमणी_दिवा म्हणाल्या तसं. तिला भाकऱ्या करायला नको नव्हत्या. तिला यंदा चालत जायचंय. लग्न होऊन आल्यापासून तिच्या मनात आहे, आणि दरवर्षी कोजागिरीच्या आदल्या रात्रीपर्यंत आम्ही तिला परातीपुढं बसवलेलं. विकत आणायचं ती त्यासाठी म्हणत होती. ती चालत जाणार, तिच्यासोबत माझी मुलगीही.

म्हणून ठरलंय ते असं. काम पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आणायचं. शिदोरीच्या आणि गल्लीत वाटायच्या भाकऱ्या घरी, पुण्याला आणि लेकीकडं पाठवायच्या मोहोळच्या ताईंच्या गटाकडून. @मोहोळची_लेक, तुम्हाला निरोप पाठवलाय, बघा. आणि पाकिटाबद्दल जे लिहिलं होतं तसं आता लिहिणार नाही.

जागेचं: मालकांनी गच्ची वापरायला हो म्हटलंय. दोन लोखंडी शेगड्या आणि कोळसा. तव्यावरचं भाजणं खाली घरात गॅसवर, वाळवणं वर शेगडीच्या उबेला जाळीवर. थापायला मी आणि मोठ्या नणंदबाई. फडक्यानं दाबायचं काम दिरांकडं, जाळीवर फिरवायचं आमच्या ह्यांच्याकडं. दोघंही हो म्हणालेत, दळणही तेच आणणार. @विजापूरवेशीतला, भट्टीचंही विचारून बघितलं, पण आमच्या जवळच्या बेकरीत आता विजेची भट्टी आहे, ती बंद केली की लगेच गार होते.

चिमणी_दिवा:
जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि जमलं तर माझ्या आईच्या नावानं एक नारळ द्या तुळजापुरात.

तुळजापूरवेस:
देणार. जाऊच देईल.

पायी_वारकरी:
पहिल्यांदा चालणार असतील तर जुन्या चपला घालायला सांगा, नव्या अजिबात नको. रात्री ऊन उतरल्यावर निघा. तामलवाडीच्या पुढं पाय सुजतात, तिथं बसून न राहता पाय वर करून पडायचं थोडं. आणि पौर्णिमेला त्या रस्त्यावर गाड्या वळवलेल्या असतात, परतीच्या एसटीची चौकशी आधीच करून ठेवा.

कासेगावकर:
आमच्या मंडळाचा मांडव रस्त्याला डाव्या हाताला असतो. थांबा. चहा आमचा, भाकरी तुमची.

फ्रँकफुर्टकर:
एक शंका. पिठात मीठ घालता का? माझी बायको घालते, भाकऱ्या तीन-चार दिवसांत नरम पडतात.

मोहोळची_लेक:
नाही घालत. टिकवायच्या भाकरीत मीठ नकोच.

पिठातलं_गणित:
मीठ हवेतली ओल ओढतं. चटणीत असतंच की.

काळीमाती:
ताई, दळणाला मालदांडीच घ्या, आणि गच्चीवर बसायच्या आधी आभाळ बघा. परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नाही, काल आमच्याकडं संध्याकाळी जोराची सर आली.

तुळजापूरवेस:
ताडपत्री आणून ठेवलीय.